जेवण काल रात्रीचे, जुलाब आज दुपारी. 'विषबाधे'त आतड्यात नेमके घडते काय?

हळदीची पंगत रात्री दहाला उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठणठणीत असतात. दुपारी एकाला मळमळू लागते, दुसऱ्याच्या पोटात मुरडा येतो. संध्याकाळपर्यंत ताप आणि पाण्यासारख्या जुलाबांनी हैराण झालेले पंधरा-वीस जण प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल होतात. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते, "सकाळी फाट्यावर वडापाव खाल्ला, तोच बाधला."

बिचाऱ्या वडापावचा दोष बहुधा नसतो. अशा आजारात शेवटचे खाणे बदनाम होते आणि खरे कारण आदल्या रात्रीच्या, कधी दोन दिवसांपूर्वीच्या ताटात असते. हा उशीर का होतो हे कळले, तर उपचारातल्या नेहमीच्या चुकाही टळतात.

विष वेगळे, जंतू वेगळे

आपण सगळ्यालाच 'विषबाधा' म्हणतो. प्रत्यक्षात दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतात. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू हाताच्या जखमेतून, फोडातून किंवा नाकातून अन्नात जातो. त्याचे विष पुन्हा उकळले तरी सहसा नष्ट होत नाही. असे अन्न खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. ताप फारसा नसतो आणि बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो.

दुसऱ्या प्रकारात जिवंत जंतू पोटात जातात, आतड्याच्या अस्तरात शिरतात, वाढतात आणि मग माणूस आजारी पडतो. याला वेळ लागतो. साल्मोनेला हा त्यातला नेहमीचा जंतू. त्याचा त्रास साधारण 6 ते 72 तासांत, बहुतेकदा 12 ते 36 तासांत सुरू होतो. सोबत ताप असतो. हळदीच्या पंगतीचे वेळापत्रक याच जंतूशी जुळते.

जठरातून सुटका

साल्मोनेला कोंबड्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तिथून तो चिकन, अंडी, कच्चे दूध आणि न धुतलेल्या हातांवर येतो. चिकन नीट शिजले की तो मरतो. घोटाळा होतो तो शेजारी. ज्या सुरीने कच्चे चिकन कापले त्याच सुरीने काकडी-कांदा चिरला, तर जंतू थेट कोशिंबिरीत उतरतो.

गिळलेल्या जंतूंची पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. तिथेच बरेचसे मरतात. पण संख्या मोठी असली की काही निसटतात. लहान मुले, म्हातारी माणसे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणारे यांच्यात हा पहारा कमजोर असतो.

पेशीच दार उघडते

पुढे लहान आतडे. त्याची लांबी सुमारे सहा मीटर, पण आतले अस्तर पेशींच्या एकाच थराचे, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. वरून चिकट बुळबुळीत द्रवाचे संरक्षण असते. अन्नातले सत्त्व याच थरातून रक्तात जाते, त्यामुळे तो जाड असून चालत नाही. जंतूंना हीच जागा सापडते.

साल्मोनेला पेशीला चिकटतो आणि स्वतःच्या अंगावरची सुईसारखी सूक्ष्म नळी तिच्यात खुपसतो. या नळीतून तो काही प्रथिने आत सोडतो. ही प्रथिने पेशीचा आतला सांगाडा हलवतात. पेशीचे आवरण लाटेसारखे वर उसळते आणि जंतूला कवेत घेऊन आत ओढते. म्हणजे चोराने कुलूप फोडलेच नाही, घरमालकाकडूनच दार उघडून घेतले. आत गेल्यावर तो एका बंद पिशवीत राहतो आणि तिथेच वाढतो.

शरीर गप्प बसत नाही. धोका ओळखून पेशी इशारा देतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि अस्तराला सूज येते. ताप आणि मुरडा त्यातूनच येतो. अस्तर पाणी शोषण्याऐवजी आतड्यात सोडू लागते. हेच ते जुलाब.

साल्मोनेला या सुजेचाही फायदा उठवतो. लढाईत पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांच्यामुळे आतड्यात टेट्राथायोनेट नावाचा पदार्थ तयार होतो. तो श्वासासाठी वापरणे साल्मोनेलाला जमते, आतड्यातल्या बहुतेक उपयोगी जंतूंना जमत नाही. त्यामुळे ते मागे पडतात आणि हा फोफावतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी

कॉलऱ्याचा जंतू पेशीत शिरत नाही. तो वरच चिकटून विष सोडतो आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. या विषाचा शोध कोलकात्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये लावला. शिगेला मोठ्या आतड्याच्या पेशी फोडत एकीतून दुसरीत जातो, म्हणून रक्त आणि आव पडते. त्याचे शंभरहून कमी जंतूही आजाराला पुरतात. टायफॉईडचा जंतू साल्मोनेलाचाच भाऊबंद, पण तो अस्तर ओलांडून रक्तात पोहोचतो. म्हणून त्यात जुलाबापेक्षा लांबलेला ताप जास्त दिसतो.

जुलाब बांधायची घाई नको

"मेडिकलमधून गोळी आणली, जुलाब बंद झाले," असे अनेक जण समाधानाने सांगतात. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर लोपरामाइडसारखी आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी घातक ठरू शकते. जंतू बाहेर पडायचे ते आतच अडकतात. लहान मुलांना ती देऊच नये. अँटिबायोटिकचेही तसेच. साध्या साल्मोनेलात धडधाकट माणसाला त्याची सहसा गरज नसते, उलट शौचातून जंतू पडणे लांबू शकते. कोणाला ते द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे.

खरा धोका अंगातले पाणी आणि मीठ कमी होण्याचा आहे. जुलाब चालू असतानाही साखर आणि मीठ एकत्र शोषणारी अस्तरातली वाट बहुतांशी शाबूत असते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येते. ओआरएस चालते ते याच वाटेने. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. घोट घोट पाजत राहावे. आईचे दूध आणि जेवण बंद करू नये. मुलांसाठी आशाताईंकडे ओआरएससोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात.

शौचातून रक्त, उतरत नसलेला ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, खोल गेलेले डोळे, मलूल मूल किंवा पोटात काहीच न टिकणे, यातले एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नये.

पंगतीआधी एवढे पाहा

अनुकूल उष्णतेत हे जंतू साधारण दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशोबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच उघड्यावर ठेवू नये. कच्च्या चिकन-मटणाची सुरी, पाट आणि भांडी वेगळी ठेवावीत. हाताला जखम असलेल्याने किंवा जुलाब होत असलेल्याने वाढायला उभे राहू नये.

आणि त्रास झालाच, तर उरलेले अन्न लगेच उकिरड्यावर टाकू नये. ते कोणाला खाऊ न देता झाकून बाजूला ठेवावे आणि आरोग्य केंद्राला कळवावे. डॉक्टरांना फक्त शेवटचे खाणे सांगून थांबू नका, मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्ले ते सांगा. खरा माग तिथूनच लागतो.

आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. शरीर दुरुस्ती स्वतः करते. तोवर त्याला पाणी कमी पडू द्यायचे नाही, एवढे मात्र घरच्यांच्या हातात आहे.