मनाच्या जखमेचा पंचनामा कोण करणार?

अलिबागच्या उत्तरेस, थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग दिसतात आणि पाठीशी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. समुद्राने आणि कारखान्याने या परिसराला रोजगार दिला, तशी संकटेही दिली. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी कारखान्यात वातानुकूलन यंत्रणेचे काम सुरू असताना स्फोट होऊन तिघांचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये खांदेरीजवळ करंजाची मासेमारी नौका उलटली. पाच जण पोहत किनाऱ्याला लागले, तिघे बुडाले. अशा प्रसंगी अग्निशमन कर्मचारी, पोलिस, रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि चालक धावून जातात. कधी शेजारच्या होडीतील कोळी बांधव सर्वांत आधी पोहोचतात. मृतदेह हाती लागला की पंचनामा होतो, नुकसानभरपाई जाहीर होते. मात्र तो मृतदेह ज्याने उचलला, त्याच्या मनाचे काय होते, याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते.

हा प्रश्न हळवेपणाचा नाही. जून २०२३ मध्ये ओडिशातील बालासोर येथे झालेल्या भीषण रेल्वे अपघातात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची नऊ पथके उतरली होती. त्यानंतर काही दिवसांतच दलाच्या तत्कालीन महासंचालकांनी जवानांच्या मनःस्थितीविषयी जाहीरपणे सांगितले. एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसत होते, तर दुसऱ्याची अन्नावरील वासनाच उडाली होती. मोहिमेवरून परतणाऱ्या जवानांसाठी समुपदेशनाची व्यवस्था केली जात असल्याचेही त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले. गणवेशातील प्रशिक्षित माणूसही अखेर माणूसच असतो, हे शासकीय यंत्रणेने मान्य केले, ही मोठी गोष्ट होती.

अडचण आहे ती खालच्या पायऱ्यांवर. रायगड जिल्ह्याने अलीकडच्या काळात दोन मोठ्या दरडी पाहिल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे जाण्यास रस्ता नव्हता, यंत्रे चढवता येत नव्हती. जवानांच्या बरोबरीने स्थानिक तरुण आणि गिर्यारोहक चिखल उपसत होते. २७ मृतदेह मिळाल्यानंतर शोधमोहीम थांबवावी लागली. ५७ जण बेपत्ताच राहिले. ढिगाऱ्याखाली माणसे आहेत हे ठाऊक असताना रिकाम्या हाताने डोंगर उतरणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. दलातील जवान आपल्या तळावर परततो. स्थानिक स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा नोकरीवर जातो. त्याची विचारपूस करणारा कोणी वरिष्ठ नसतो.

तज्ज्ञांच्या मते, अशा अनुभवानंतर झोप न लागणे, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक असते. विश्रांती, घरच्यांचा आधार आणि सहकाऱ्यांचा सहवास मिळाल्यास बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, कामात अडथळा येऊ लागला किंवा दारूचा आधार घ्यावासा वाटू लागला, तर मात्र उपचारांची गरज असते. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून सक्तीने बोलते करण्याचा एके काळचा रूढ उपाय फारसा उपयुक्त ठरत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे. मन मोकळे करायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. सोय मात्र हाताशी असावी.

कागदावर व्यवस्था नाही असे नाही. आपत्तीतील मानसिक आरोग्यसेवेविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय यंत्रणेकडून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण, बचावसाहित्य आणि विमा मिळतो.

परंतु दूरध्वनी सेवा समोरून फोन येण्याची वाट पाहते, आणि बचावकार्य करणारा माणूस स्वतःला रुग्ण समजत नाही. दर्यावर मरण नवे नाही, असे म्हणत वाढलेला नाखवा हा क्रमांक फिरवील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून यंत्रणेनेच त्याच्यापर्यंत जायला हवे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. प्रत्येक दुर्घटनेनंतर मदतीला आलेल्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्याने नोंदवावेत आणि महिन्याभराने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांमार्फत प्रत्येकाची चौकशी करावी. ही माहिती गोपनीय राहावी, कोणाच्या बढतीच्या आड येऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

पुढच्या पावसाळ्यातही दरडी कोसळतील, होड्या उलटतील. तेव्हा धावून जाणारे हात याच परिसरातले असतील. त्या हातांमागचे मन शाबूत राहिले, तरच ते पुन्हा पुढे येतील.