पैजेचा नियम का मोडतो?

झोप लागत नाही, पोटात आग पडते, छातीत धडधडते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी तंबाखू, दारू, जागरण यांबद्दल हमखास विचारतो. आकडा किंवा रेस खेळता का, हे मात्र क्वचितच विचारले जाते, आणि रुग्णही आपण होऊन सांगत नाही. दारूचा वास तरी येतो, आकड्याला वास नसतो.

काही वर्षांपूर्वी एक दुकानदार रक्तदाबासाठी माझ्याकडे येत असत. गोळ्या नियमित असूनही दाब उतरेना. एके दिवशी सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. खानदेशात रेसकोर्स नाही, पण हे गृहस्थ मुंबई-पुण्याच्या घोड्यांवर इथे बसून पैसे लावत. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने नियम लिहिले होते. दिवसाला पाचशेच्या वर लावायचे नाहीत, उसने घेऊन खेळायचे नाही, हरलेले पैसे त्याच दिवशी वसूल करायला जायचे नाही. नियम उत्तमच होते. मी विचारले, "यातला तिसरा नियम किती दिवस पाळला?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जिंकलो त्या दिवशी पाळला."

वाचकहो, या एका उत्तरात रोगाचे निदान आहे. पण आधी थोडा हिशेब पाहू, कारण खेळणाऱ्याचा स्वतःच्या हिशेबावर फार विश्वास असतो.

मटक्याचा एकेरी आकडा घ्या. आकडे दहा, आणि लागल्यास साधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातील, नऊ येतील. म्हणजे नशिबाने अगदी समान न्याय केला तरी दर फेरीला दहावा हिस्सा गेलाच. रेसवाले यावर म्हणतात की मटका नशिबाचा, रेस अकलेची. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, हे खरे. पण तो कायद्याचा प्रश्न झाला, खिशाचा नव्हे. टोटवर जमलेल्या पैशातून आधी क्लबचा हिस्सा आणि कर कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून पैजेवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. घोड्याची माहिती तुम्हाला असते तशी इतरांनाही असतेच. थोडे थोडे लावण्याच्या शिस्तीने नुकसान हळू होते. नुकसानाचा नफा होत नाही.

आणखी एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हरलात की पुढच्या डावाला दुप्पट लावा, एकदा जिंकलात की सगळे वसूल! शंभरापासून सुरुवात करून लागोपाठ दहा वेळा हरलात तर १,०२,३०० रुपये गेलेले असतात. अकराव्या डावाला १,०२,४०० लावावे लागतात, आणि जिंकल्यावर एकूण फायदा किती? शंभर रुपये. कागदावर हे सोडवून पाहणारा माणूस हसतो. रात्री अकरा वाजता उसने मागायला निघालेल्याला हसू येत नाही.

मग नियम मोडतो कशामुळे? मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य आहे. ते जिंकल्यावरच स्रवते असे नाही, जिंकण्याच्या आशेवरही स्रवते, आणि बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की ही ओढ अधिक वाढते. घोडा नाकाभर हरला किंवा आकडा एकाने हुकला, तरी मेंदू ते बरेचसे जिंकल्यासारखेच धरतो. त्यामुळे हरलेला माणूस थांबण्याऐवजी "आता येणारच" म्हणून पुढे जातो. हरलेल्या पैशाच्या मागे धावणे हे या विकाराचे मुख्य लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात ठेवला आहे.

पैज आणि निकाल यांत वेळ किती जातो, यावर बरेच अवलंबून असते. आपल्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि पुरुष मंडळी पत्त्यांचे डाव मांडतात. ते चांगले असे मी म्हणत नाही, पण अखाजी वर्षातून एकदा येते. मटका रोज उघडतो आणि रोज बंद होतो. (मुळात तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत लागत असे, हे आपल्या कापूसवाल्या मुलखाला ठाऊक असावे!) रेसकोर्सवर दोन शर्यतींत साधारण अर्धा तास तरी जातो. मोबाईलवर निकाल मिनिटात येतो आणि खेळ उशाशी असतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण लागलेली सवय कायद्याच्या तारखेला सुटत नाही.

घरच्यांनी काय पाहावे? पैशाबद्दल खोटे बोलणे, दागिने किंवा बियाण्याचे पैसे नाहीसे होणे, फोन घेऊन बाहेर जाणे, विनाकारण चिडणे. असे दिसल्यास भांडणाआधी आकडा विचारा. एकूण देणे किती, कोणाकोणाचे, हे सर्व एका कागदावर यायला हवे. पहिल्यांदा सांगितलेली रक्कम बहुधा अपुरी असते. काही महिने पासबुक, एटीएम कार्ड आणि फोनवरचे पैशाचे व्यवहार पत्नीकडे किंवा वडिलांकडे द्यावेत आणि रोजच्या खर्चापुरतीच रोकड त्याच्या हाती असावी. भावाने शेत गहाण टाकून सगळे कर्ज एकदम फेडून टाकणे हा मायेचा पण वाईट उपाय आहे, कारण त्याने पुढच्या पैजेची वाट मोकळी होते. फेड हप्त्याने, आणि थेट सावकाराच्या हाती करावी.

समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, काहींना औषधेही देतात. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटा. एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. कंपवातावरच्या प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी, आयुष्यात पत्ता न धरलेल्या माणसालाही क्वचित जुगाराची ओढ लागते. आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे आणू लागले तर गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना ताबडतोब सांगा.

कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात जीव देण्याचा विचार येऊ शकतो. "असे काही मनात येते का?" हे त्याला सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येते.