कामाचं बोला (७) : स्टिरर बंद पडला, आता काय करशील?

पगाराची बोलणी कशी करायची, ते आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. अंबरनाथच्या मोरिवलीहून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा निघाला.

मुलगा आयटीआयचा, एओसीपी ट्रेडचा, म्हणजे केमिकल प्लांट चालवण्याचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. लिहितो, ‘स्वतःबद्दल काय सांगायचं ते तुमच्या लेखावरून पाठ करून गेलो, पण ते कुणी विचारलंच नाही. प्रॉडक्शन मॅनेजर थेट प्लांटमध्ये घेऊन गेले. रिॲक्टरपाशी उभं करून म्हणाले, ॲडिशन चालू आहे, स्टिरर बंद पडला, काय करशील? मी म्हटलं, मेंटेनन्सला फोन करीन. ते म्हणाले, कळवतो.’

पुढे काय झालं ते सांगायला नको. मोरिवली, चिखलोलीकडच्या लहान कारखान्यांत इंटरव्ह्यू बऱ्याचदा असाच होतो. एचआरचा माणूस असला तर आधार, पॅन, मार्कशीट तपासतो. घ्यायचं की नाही, हे ठरवतो तो बॅच अंगावर घेणारा. आणि स्टिररचा प्रश्न त्याचा हुकमी. मीही तो अनेकांना विचारलाय.

रिॲक्टरमध्ये एक माल आधीच असतो, दुसरा वरच्या टाकीतून हळूहळू सोडायचा. दोन्ही भिडले की उष्णता निघते आणि ती जॅकेटमधलं ब्राइन किंवा चिल्ड वॉटर ओढून नेतं. हे सगळं ढवळण्याच्या जिवावर चालतं. ढवळणं थांबलं की वरून येणारा माल न मिसळता साचत जातो. फसवणूक अशी, की टेंपरेचर चढायच्या ऐवजी कधीकधी उतरतं, आणि नवा ऑपरेटर निर्धास्त होतो. मग गेलेली लाइट येते, कुणीतरी घाईने स्टिररचं बटण दाबतं आणि इतका वेळ साचलेला माल एका दमात रिॲक्ट होतो. त्या उष्णतेपुढे जॅकेट पुरं पडत नाही.

म्हणून पहिला हात ॲडिशनच्या व्हॉल्व्हवर. तो बंद. कूलिंग चालू आहे ना, ते बघायचं. शिफ्ट इन्चार्जला बोलवायचं. आणि त्याने सांगितल्याशिवाय स्टिरर पुन्हा सुरू करायचा नाही. मेंटेनन्सचा फोन यानंतर. मुलाचं उत्तर चूक नव्हतं, क्रम चुकला होता. पण क्रमालाच तर मार्क असतात.

अंबरनाथहून लोकलने पाच स्टेशनं गेलं की डोंबिवली. तिथल्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला झालेले स्फोट या पट्ट्यातला कुठलाही जाणता मॅनेजर विसरलेला नाही. समोरच्या पोराला रिॲक्टरपाशी एकटं सोडता येईल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

दुसरा ठरलेला प्रश्न : ड्रममधून टोल्युइन चार्ज करायचंय, काय काळजी घेशील? दहातले नऊ जण म्हणतात, ‘पीपीई घालीन, सर.’ घालशील रे, पण हेल्मेटने ठिणगी थांबत नाही. टोल्युइनचा फ्लॅशपॉइंट साधारण ४ अंश सेल्सिअस. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही. म्हणजे बारा महिने त्याची वाफ पेट घ्यायला तयार. त्यात टोल्युइन विजेचं वाईट वाहक. पाइपातून वाहताना त्यात स्टॅटिक चार्ज साचतो आणि लवकर निघून जात नाही. म्हणून ड्रम, पंप, लाइन, रिॲक्टर सगळं अर्थिंगला जोडायचं. क्लॅम्प रंगावर लावला तर तो नुसता शोभेचा. पत्रा घासून उघड्या धातूवर बसवायचा. आधी नायट्रोजन देऊन रिॲक्टरमधली हवा काढायची. वरून धो धो ओतायचं नाही, डिप पाइपने तळाशी सोडायचं, तेही सुरुवातीला सावकाश. प्लॅस्टिकची बादली तर हातातच धरायची नाही. ग्लासलाइन्ड रिॲक्टर असेल तर काळजी दुप्पट, कारण आतली काच चार्ज बाहेर जाऊ देत नाही. एवढं शेवटचं वाक्य जरी बोललात, तरी समोरचा तुमचा बायोडेटा पुन्हा उघडून बघेल.

आता, हे तुम्ही कधीच केलं नसेल तर? केलंय म्हणून थाप मारू नका. ‘अप्रेंटिसशिपमध्ये सीनियरच्या हाताखाली बघितलंय, एकट्याने केलेलं नाही,’ हे चांगलं उत्तर आहे. थापेचा पत्ता तिसऱ्या प्रश्नाला लागतो : ‘क्लॅम्प कुठे लावला होतास?’

कपड्यांचं मागे झालंच आहे, फक्त भर घालतो. बंद बूट घाला. चपला घालून आलेल्या उमेदवाराला प्लांटमध्ये नेत नाहीत, आणि खरा इंटरव्ह्यू तिथेच असतो. मोबाइल कुणी सांगायच्या आधीच गेटवर जमा करा.

शेवटी ‘तुला काही विचारायचंय?’ असं म्हणतील. तेव्हा पगारावर उडी मारू नका. विचारा, ‘सर, इथे शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं?’ सरळ उत्तर आलं तर माणसं कामाची आहेत. हसण्यावारी नेलं, तर पगार कितीही असो, तिथे जाऊ नका.