लेण्यांतले कोळी, आकुर्डीतले नमुने

सह्याद्रीच्या लेण्यांत कोळ्यांना तोटा नाही, पण शास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांना गुहावासी म्हणता येत नाही. गुहेत आढळणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक तीन गट पाडतात. पहिल्या गटातले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या अंधारातच जगतात. त्यांचे डोळे खुरटतात किंवा पार नाहीसे होतात, अंगाचा रंग उडतो, पाय लांबतात, आणि गुहेबाहेर ते तग धरत नाहीत. दुसऱ्या गटातले प्राणी गुहेत सुखाने नांदतात, वीण घालतात, पण बाहेर ओलसर कपार मिळाली तर तिथेही त्यांचे तितकेच चांगले चालते. तिसऱ्या गटातले नुसते आसऱ्याला येतात आणि भक्ष्य शोधायला बाहेर पडतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या डोंगरांत दिसणारे कोळी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातले.

याचे कारण खडकात आहे. चुनखडी पाण्यात विरघळते. त्यामुळे लाखो वर्षांत तिच्या पोटात मैलोन्‌मैल लांबीच्या गुहा तयार होतात. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि तो असा विरघळत नाही. लाव्हाच्या दोन थरांमधला मऊ पट्टा झिजून कपारी पडतात, त्याही बहुधा उथळ. बाकीची पोकळी माणसाने छिन्नीने कोरलेली आहे. शेलारवाडीचे घोरावडेश्वर, देहूजवळचा भंडारा डोंगर, त्यापुढे मावळातली बेडसे, कार्ले आणि भाजे ही लेणी यांतली जुन्यात जुनी धरली तरी फार तर बावीसशे वर्षांची. कोळ्याचे डोळे जायला एवढा काळ पुरत नाही. शिवाय विहारातल्या सर्वांत आतल्या खोलीतही दुपारी थोडा उजेड झिरपतोच.

चुनखडीच्या मुलखात चित्र वेगळे दिसते. मेघालयातल्या गारो टेकड्यांमधल्या सिजू गुहेची पाहणी स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी १९२२ मध्ये केली. तिथल्या कोळ्यांचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ लुई फाज यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातल्या गुहाजीवनाच्या अभ्यासाचा हा पायाच म्हणायला हवा. लाओसमधल्या गुहेतून पीटर येगर यांनी २०१२ मध्ये ‘सिनोपोडा स्क्युरिऑन’ ही जाती नोंदवली, तिला डोळेच नाहीत. गंमत म्हणजे ती ज्या कुळातली आहे, त्याच कुळातला ‘हेटेरोपोडा’ आपल्याकडे घराच्या भिंतीवर आठही डोळे शाबूत ठेवून फिरतो.

हा हेटेरोपोडा म्हणजे तळहाताएवढ्या पसाऱ्याचा, चपट्या अंगाचा तपकिरी कोळी. तो जाळे विणत नाही, रात्री भिंतीवर दबा धरून झुरळे पकडतो. मादी अंड्यांची चपटी, गोल पिशवी पोटाखाली धरून फिरते. अंग चपटे असल्याने कोरीव खांब आणि छत यांच्यामधल्या बारीक फटीत तो सहज शिरतो. छताच्या कोपऱ्यातली विस्कटलेली जळमटे लांब पायांच्या फोल्सिड कोळ्यांची. यांतल्या ‘क्रॉसोप्रायझा लायनी’ या जातीचे पहिले वर्णन १८६७ चे, आणि ती घराघरांत आहे. जाळ्याला धक्का लागला की हा कोळी जागच्या जागी इतक्या जोरात हलू लागतो की त्याची आकृतीच धूसर होते आणि शत्रूला नेम धरता येत नाही. मादी अंडी चार-दोन धाग्यांत गुंडाळून थेट जबड्यात धरते. पिल्ले बाहेर येईपर्यंत तिचे तोंड असे अडकलेले असते.

सर्वांत लक्ष देऊन पाहावा असा कोळी मात्र लेण्याच्या आत नाही, दाराजवळच्या उजेडातल्या भिंतीवर आहे. तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. भिंतीच्या खळग्यावर तो रुपेरी पापुद्र्यासारखे सपाट जाळे ताणतो आणि त्याखाली बसतो. मुंगी धाग्याला अडखळली की तो बाहेर येतो आणि तिच्याभोवती गरागरा फेऱ्या मारत धागा सोडतो. पाठीमागच्या केसाळ उंचवट्याने धागा विंचरून तो तिला जमिनीला जखडतो, आणि चावा घेतो तो शेवटी. या प्रजातीतल्या एका जातीला बिनयकृष्ण टिकादर यांनी १९६२ मध्ये ‘इकोबियस मराठाउस’ हे नाव दिले. पुढे ती भारताबाहेरही दूरवर सापडली, तेव्हा मराठ्यांचे नाव तिच्यासोबत तिकडेही पोचले.

कपारीत पाहणाऱ्याला हमखास दचकवणारा प्राणी म्हणजे व्हिप स्पायडर. नावात स्पायडर असला तरी तो कोळी नव्हे. त्याला ना विषग्रंथी, ना रेशीम. पायांची पहिली जोडी चाबकासारखी लांब असते, तिने तो अंधारात चाचपतो आणि खेकड्यासारखा तिरका सरकतो. मादी पिल्ले पाठीवर वागवते. यांतली ‘फ्रायनिकस फिप्सोनी’ ही जाती रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९४ मध्ये नोंदवली आणि तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस हर्बर्ट फिप्सन यांचे नाव दिले.

पोकॉक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत. सोसायटीचे सभासद नमुने बाटलीत भरून तिकडे धाडत आणि नाव तिथे ठरे. भारतातल्या अष्टपादांवरचा त्यांचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला. तो आजही हाताशी ठेवावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुण्यात आले. टिकादरांनी इथेच काम करत १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात महाराष्ट्र आणि म्हैसूरच्या कोळ्यांवर लेखन केले. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. दे. भू. बस्तवडे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारतीय विंचवांवरचा ग्रंथ १९८३ चा, तर भारतीय कोळ्यांवरचे हस्तपुस्तक १९८७ चे. हे केंद्र आज आकुर्डीत, औद्योगिक नगरीच्या ऐन वस्तीत आहे.

कोळी ओळखायचा कसा? रंगावरून जवळजवळ नाहीच. मद्यार्कात ठेवल्यावर रंग बहुतेक उडतोच. आधी डोळे पाहायचे. किती आहेत, किती रांगांत आहेत, कोणता मोठा आहे, यावरून बहुधा कूळ ठरते. पायाच्या टोकाला नख्या दोन की तीन, हेही पाहतात. जाती मात्र जननेंद्रियांवरून ठरते. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादाचे टोक फुगीर आणि गुंतागुंतीचे असते. मादीच्या पोटाखाली कठीण कवचाचा लहानसा भाग असतो. तो सुईने सोडवून, क्षाराच्या द्रावणात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली चितारतात. पूर्ण न वाढलेल्या पिल्लात हे अवयव नसतात. म्हणूनच लेण्यातून आणलेल्या नमुन्यांतले कित्येक ‘प्रजातीपर्यंत निश्चित, जाती अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून कपाटात पडून राहतात.

जुन्या वर्णनांतली मुख्य अडचण वेगळी आहे. अनेक जाती नुसत्या मादीवरून किंवा नुसत्या नरावरून वर्णिलेल्या आहेत. जोडीदार सापडला की कधी दोन नावे एकाच जातीची निघतात, कधी जातीची प्रजातीच बदलावी लागते. अशा वेळी मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून केले, तो पुन्हा उघडून पाहण्याला पर्याय नसतो. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव नसेल तर उत्तम जपलेला नमुनाही निरुपयोगी ठरतो. आता डीएनएचा आधार मिळू लागला आहे, पण तो ताडून पाहायलाही आधी बरोबर ओळखलेला नमुना लागतो.

कोळ्यांच्या नामकरणाला एक खास सवलत आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनिअसच्या १७५८ मधल्या ग्रंथापासून मोजतात, पण स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये दिलेली कोळ्यांची नावे अपवाद म्हणून ग्राह्य धरली जातात. तिथपासून सुरू झालेली जगातल्या कोळ्यांची यादी एप्रिल २०२२ मध्ये ५०,००० जातींवर पोचली.

भारतात नवी जाती जाहीर करायची तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार तिचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करावा लागतो, आणि प्राण्यांच्या बाबतीत असा संग्रह प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. लेणे संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची आणि डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांचीही परवानगी लागते. घोरावडेश्वरात शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर तुकाराम महाराजांची ध्यानाची जागा म्हणून भाविकांचा राबता असतो, आणि औद्योगिक वसाहत आता त्याच्या पायथ्याशी येऊन ठेपली आहे. जळमटे झाडणे, भिंतींना रंग देणे आणि रात्रभर दिवे जळत ठेवणे, या तिन्ही गोष्टी कोळ्यांची वस्ती बदलतात. दिव्याभोवती किडे जमतात म्हणून जाळे विणणारे वाढतात. अंधारात चाचपत जगणारा व्हिप स्पायडर मात्र आणखी खोल फटीत सरकतो. म्हणून अशा ठिकाणची पाहणी दिवसा एकदा आणि रात्री एकदा अशी दोनदा करतात आणि दोन्ही याद्या वेगळ्या ठेवतात.