दुसऱ्या बाँबचा हिशेब

२०११ च्या खानेसुमारींत परभणी शहराची वस्ती ३,०७,१७० भरली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हां त्या शहरांत सुमारें ३,५०,००० माणसें होतीं. वर्षअखेरपर्यंत त्यांतील अदमासें १,४०,००० मरण पावलीं. परभणीकर वाचकांनीं स्टेशनापासून कृषि विद्यापीठापर्यंतचें आपलें गांव डोळ्यांपुढें आणावें, आणि मगच ‘बाँबनें युद्ध संपविलें तें योग्य कीं अयोग्य?’ या वादांत शिरावें, असें आम्हांस वाटतें.

युद्ध लवकर संपलें व पुढील प्राणहानि टळली, हा समर्थकांचा पक्ष हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीनें जपान्यांचा मारा सोसला होता. पुढें ९ सप्टेंबर १९४५ रोजीं मलायाच्या किनाऱ्यावर हिंदी फौज उतरली, ती मात्र लढाईवांचून. कारण जपान १५ ऑगस्टलाच शरण आला होता. त्या जहाजांतून सुखरूप परतलेल्या शिपायाच्या आईशीं वाद घालण्यास आम्ही तरी धजणार नाहीं.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या बाँबला लावून पाहावा. ८ ऑगस्टला रशियानें जपानविरुद्ध युद्ध पुकारलें. ९ तारखेस सकाळीं टोकियोंत युद्धमंडळ शरणागतीच्या अटींचा खल करीत बसलें असतांनाच नागासाकीवर बाँब पडला. त्याच्यासाठीं निराळा विचार असा झालाच नव्हता. बाँब तयार होतील तसतसे टाकीत जावे, असें २५ जुलैच्या हुकुमांतच नमूद होतें. ११ ऑगस्टचा बेत खराब हवेच्या अंदाजामुळें दोन दिवस आधीं आला. नेमलेलें शहर कोकुरा. परंतु तें ढगांनीं व धुरानें झांकलेलें आढळलें, म्हणून विमान नागासाकीकडे वळलें. सुमारें ७०,००० जीव गेले. यांत कोणाच्या मुलाचे प्राण वांचविण्याचा विचार कोठें होता, तें समर्थकांनींच सांगावें.

जून १९४५ मध्यें फ्रँक प्रभृति शास्त्रज्ञांनीं निर्जन स्थळीं बाँबचें सामर्थ्य दाखवावें असें सुचविलें होतें. तें मानलें गेलें नाहीं. १९४६ साली अमेरिकेच्याच सरकारी पाहणीनें, बाँबवांचूनहि जपान त्या वर्षअखेरच्या आंत शरण आला असता, असा निष्कर्ष काढला.

त्याच वर्षीं जुलैच्या आरंभीं महात्माजी पुण्यास होते. बाँबच्या धास्तीनें जग अहिंसेकडे वळेल, असें कांहीं अमेरिकन मित्र म्हणत. महात्माजींनीं ‘हरिजन’मध्यें तें अमान्य केलें. अतिभोजनानें शिसारी आलेला मनुष्य पानावरून उठतो खरा, पण शिसारी ओसरतांच दुप्पट हांवेनें परत बसतो, अशा आशयाचा त्यांचा दृष्टान्त होता.

१९७४ व १९९८ सालीं पोखरण येथें स्फोट झाल्यापासून हा हिशेब आपल्याहि वहींत आला आहे. आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाहीं, हें २००३ सालीं जाहीर झालेलें धोरण घरोघर ठाऊक आहे. त्याच धोरणांत उलट प्रहार प्रचंड असेल असेंहि म्हटलें आहे. त्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकूं येते.