लूमवरची इजा : भरपाई म्हणजे मदत नव्हे, देणे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कारखान्यांत धोटा उडून डोळ्याला मार बसणे, पट्ट्यात हात सापडणे, विजेचा धक्का लागणे या गोष्टी नव्या नाहीत. नव्या नाहीत म्हणूनच त्या मिटवण्याची एक रीतही पडून गेली आहे. मालक जखमी कामगाराला ओळखीच्या डॉक्टरकडे नेतो, औषधपाण्याचे बिल भरतो, पंधरा दिवसांचा खर्च हातावर ठेवतो, एका अर्धवट लिहिलेल्या कागदावर अंगठा घेतो आणि मामला संपला असे समजतो. कामगारही मालकाला दुवा देत मुलखाला निघून जातो. जौनपूर किंवा आजमगडला पोहोचल्यावर, एका डोळ्याने लूम चालवता येत नाही हे अनुभवास आल्यावर, त्याला कोणीतरी भरपाईविषयी सांगतो. तोपर्यंत त्याच्या हाती एकही कागद नसतो.

या व्यवहारात मूळ समजूतच चुकीची आहे. मालक जे देतो ती मेहेरबानी आहे असे दोघेही धरून चालतात. कायदा तसे मानत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. मुख्य तरतुदी मात्र त्याच आहेत. त्या आधीच्या अपघातांना जुना कायदा लागू. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालक देणेकरी होतो, मग त्याची चूक असो वा नसो. ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ हे उत्तर चालत नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढणे, एवढ्याच सबबी मालकाला सुटू देतात, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर त्याही चालत नाहीत. दोन-चार लूमचा गाळा असला तरी सुटका नाही.

आमच्या मालक बांधवांचा हात सैल आहे, हे मी व्यापारात राहून पाहत आलो आहे. पुष्कळजण अशा कामगाराला रमजानमध्ये जकातीची रक्कम देतात आणि आपली जबाबदारी पार पडली असे मानतात. परंतु आपल्या अंगावरचे देणे जकातीतून फेडता येत नाही, हे मोहल्ल्यातला कोणताही आलिम सांगेल. जखमी मजुराची भरपाई हुकूकुल इबादमध्ये मोडते. ती आधी अदा करावी, जकात त्यानंतर.

रक्कम किती, हे कळल्याशिवाय या बाबीचे गांभीर्य लक्षात येत नाही. समजा, विणकराचे वय ३५ आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक मजुरीचे ६० टक्के घेऊन त्यास वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३५ वर्षांसाठी तो आकडा १९७.०६ आहे. हिशेबात धरण्याची मजुरी जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने जास्तीत जास्त १५,००० रुपये ठरली; सरकार ती बदलू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी चालू मर्यादा विचारून घ्यावी. या हिशेबाने १५,००० चे ६० टक्के ९,०००, आणि गुणाकार १७,७३,५४० रुपये होतो. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा शाबूत असेल तर परिशिष्टात ४० टक्के लिहिले आहेत, म्हणजे ७,०९,४१६ रुपये. बुबुळ जागेवर राहून फक्त नजर गेली तर ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२. अंगठ्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनीस १४. आता हे आकडे त्या पंधरा दिवसांच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावेत.

शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो भरपाईतून कापता येत नाही. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर दरसाल १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकालाच्या दिवशी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस सांगितले आहे. तोच खटला आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यातील सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व नव्हते. तरीही एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असे न्यायालयाने मानले. म्हणून विणकराने डॉक्टरकडून केवळ ‘डोळा गेला’ एवढा दाखला घेऊ नये. लूमवरच्या कामाची ताकद किती गेली, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

पण दावा बहुधा पहिल्या दिवशीच बिघडतो. इस्पितळात केसपेपर लिहिताना सोबत आलेला मेहता ‘घरी पडला’ असे सांगून मोकळा होतो, आणि पुढे दोन वर्षांनी तोच कागद कामगाराच्या विरुद्ध उभा राहतो. शुद्धीवर असेल त्या जखमीने, नसेल तर त्याच्या सोबत्याने, ‘अमुक कारखान्यात लूमवर काम करताना’ हे शब्द केसपेपरवर लिहून घेतलेच पाहिजेत. शक्य तो सरकारी इस्पितळात जावे. मालकाला साध्या भाषेत लेखी सूचना द्यावी : नाव, पत्ता, तारीख, वेळ, कशी इजा झाली. पोस्टाने पाठवून पावती जपावी. सूचना उशिरा दिली तरी, मालकाला अपघात आधीच माहीत होता हे दाखवता आले तर दावा अडत नाही. परंतु गवाह पांगतात, शेजारच्या लूमवरचा माणूस ईदला गावी जाऊन परतत नाही.

मजुरीचा पुरावा ही आपल्या धंद्यातली मोठी अडचण. मजुरी मीटरवर, हजेरीपट नाही, पगार रोख. अशा वेळी मागील बारा महिन्यांची सरासरी काढतात. त्यासाठी मेहत्याने दिलेली चिठ्ठी, मोबाइलवर आलेले पैसे, बँकेचे पासबुक, सर्व उपयोगी पडते. नवखा कामगार असेल तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्याची मजुरी धरली जाते.

उचलीचा प्रश्न तर नेहमीचा. ‘तुझ्याकडे माझे चाळीस हजार निघतात, ते वळते करून घेतो’ असे मालक म्हणतो, आणि कामगार मान हलवतो. भरपाईची रक्कम कर्जापोटी वळती करता येत नाही, तिच्यावर जप्तीही येत नाही. उचल वेगळी, भरपाई वेगळी. हक्क सोडून दिल्याचा लेखी करार केला तरी तो रद्दबातल. दोघांना खरोखर तडजोड करायची असेल तर कराराची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे, नव्या संहितेनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, झाली पाहिजे. मय्यत झाली असेल तर रक्कम तेथेच जमा करावी लागते. मालकाने वारसांच्या हाती परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही. हे मालकांनीही समजून घ्यावे, नाहीतर एकाच देण्याचे पैसे दोनदा मोजावे लागतात.

दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षे. तो अपघाताच्या ठिकाणीच करावा असे नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून कामगार किंवा त्याचे वारस जेथे राहतात तेथेही अर्ज करता येतो. उत्तर प्रदेशातील बेवेला भिवंडीच्या खेपा घालण्याची गरज नाही. कामगार राज्य विमा योजनेत ज्याचे नाव आहे त्याने मात्र मालकाविरुद्ध दावा न करता महामंडळाकडे जावे. कामावरच्या इजेसाठी तेथे आधी किती हप्ते भरले हे पाहिले जात नाही.

दहापेक्षा कमी माणसे ठेवणाऱ्या गाळ्यांना ही योजना सहसा लागत नाही, म्हणून त्यांनी विमा कंपनीची कामगार नुकसानभरपाई पॉलिसी घेतलीच पाहिजे. जो लूमचा मोटर जळण्याचा विमा उतरवतो त्याला हे जड नाही. दंडाची रक्कम मात्र विमा कंपनी भरत नाही, ती मालकाच्याच खिशातून जाते. आणि पॉलिसी घेताना हप्ता वाचवण्यासाठी चार माणसे लिहून गाळ्यात आठ चालवू नयेत. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस सर्वात आधी हजेरीचीच वही मागतो.