गोष्टीचे सांधे

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सुमारे २,००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे कोकणात उतरत. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात त्या राजघराण्याचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. आता या वाटेवरची एक लहानशी गोष्ट पाहा.

"आंबेगाव तालुक्यातील घोडेगावचा एक व्यापारी बैल घेऊन नाणेघाट उतरत होता. वाटेत त्याच्या गळ्यातील घंटा पडली. ती शोधण्यासाठी तो मागे फिरला. अंधार पडू लागला होता. तरी तो थांबला नाही. अखेर वर रांजणापाशी सापडली, पण फुटली होती."

ही सहा वाक्ये सुटी नाहीत. त्यांना जोडणारे सांधे मात्र इतके लहान आहेत, की वाचताना ते ध्यानातही येत नाहीत. 'ती' म्हणजे घंटाच. बैल व व्यापारी दोघेही पुल्लिंगी असल्यामुळे 'ती' त्यांच्याकडे जाऊच शकत नाही. इंग्रजीत घंटा आणि रांजण या दोहोंना 'इट' हे एकच सर्वनाम लागते. शेवटच्या वाक्यात तर कर्ताच नाही! तरीही 'सापडली' या क्रियापदाचे रूप घंटेकडे बोट दाखविते. अशा सांध्यांचा इंग्रजी भाषेपुरता सविस्तर विचार हॅलिडे व रुकैया हसन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे.

'तरी' हा शब्दही साधा नव्हे. त्याच्या जागी 'म्हणून' घातला, तर चिकाटीचा व्यापारी एकाएकी अंधाराला भिऊन घाई करणारा ठरतो. घटना तीच, माणूस मात्र निराळा!

एक सांधा मात्र कच्चा आहे. 'त्याच्या गळ्यातील' म्हणजे कोणाच्या? व्याकरण येथे उत्तर देत नाही. घंटा बैलाच्या गळ्यात असते, हे ठाऊक असल्यामुळे वाचक अडखळत नाही. बैलाऐवजी घोडी असती, तर 'तिच्या' म्हणून काम भागले असते. पण घंटेऐवजी "त्याच्या पाठीवरचे पोते पडले" असे लिहिले, तर? पोते बैलही वाहतो आणि माणूसही. तेव्हा सर्वनाम सोडून 'बैलाच्या पाठीवरचे' असे नाव घेऊनच सांगावे लागते.